हिरालालची जागा

रूपराव मिस्त्रीनं सुतळीचं एक टोक दुकानाच्या दाराशी खिळ्याला बांधलं, दुसरं मागच्या भिंतीकडे ओढत नेलं, आणि वाटेत हिरालालचं स्टूल आलं ते पायानंच बाजूला सारलं. एवढंच झालं, पण काउंटरमागे उभ्या असलेल्या अच्युतला ते खटकलं. त्या स्टुलाला चौदा वर्षांत कुणी पाय लावला नव्हता, मालकांनीसुद्धा नाही. सुतळी ताणली गेली आणि सिंगेवारांच्या दुकानाचे सरळ दोन भाग दिसू लागले. डावीकडे दादांची, म्हणजे थोरल्या केशवशेठची, पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी आणि तिच्यामागे छतापर्यंत रचलेले कापडाचे तागे. उजवीकडे अच्युतचं काचेचं काउंटर आणि त्यामागच्या फळ्यांवर घड्याळं, टाकदौती, साबण, रिबिनी, कंदील, स्टो, मच्छरदाण्या, चाळण्या, लहान मुलांची दुधाची बाटली, म्हाताऱ्यांची काठी. "उद्या सकाळी इटा येतात," रूपराव दोघांच्या मधल्या हवेला म्हणाला. कारण हे दोघे भाऊ बोलत नाहीत हे त्याला काय, साऱ्या वर्ध्याला माहीत होतं. "भित चार इंची घालाची का नऊ इंची, ते कोनी तरी सांगून ठेवा." दादा तागा गुंडाळत राहिले. अच्युत भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत राहिला. रूपरावनं थोडा वेळ वाट पाहिली, कानावरची पेन्सिल काढून मागच्या भिंतीवर एक खूण केली आणि तो चालता झाला. सांगणारा, दुकानातला जुना नोकर हिरालाल, सोमवारच्या गाडीनं आर्वीला गेला होता, मंगळवारी दुकान बंद होतं, आणि आज बुधवार, त्याच्याशिवायचा पहिला दिवस होता.

सिंगेवार बंधूंचं बोलणं बंद आहे आणि तरी दुकान झकास चाललं आहे, ही एकोणीसशे सत्तावनच्या वर्ध्यात सगळ्यांनी मान्य करून टाकलेली गोष्ट होती. नवं गिऱ्हाईक पहिल्यांदा बावचळायचं, मग त्यालाही सवय व्हायची. हिरालालचं स्टूल बरोबर मधोमध असे. गादीवरून दादा समोर बघत मध्यम आवाजात म्हणायचे, "हिरालाल, त्याले विचार, या पावन्याईले कंदील पाह्यजे, दाखवतं काय." अच्युत आठ पावलांवर उभा असायचा आणि त्याला शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण तो जागचा हलायचा नाही. हिरालाल उठायचा, चार पावलं चालत काउंटरशी यायचा, जरासा वाकायचा आणि सांगायचा, "मोठे शेठ म्हनून राह्यले, पावन्याईले कंदील दाखवता काय." मग अच्युत म्हणायचा, "दाखवतो म्हना," आणि हिरालाल ते घेऊन परत गादीकडे जायचा. तोवर दादांनी ऐकलेलंच असे, तरी ते मान हलवून म्हणायचे, "बरं." बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटे. आतल्या तिघांना तसं कधी वाटलं नाही. हिरालालच्या त्या चार पावलांत शब्दांची धार निघून जायची. गादीवरून निघताना 'त्याले' असलेला माणूस काउंटरशी पोचेपर्यंत 'छोटे शेठ' होऊन जायचा. आणि कधीकधी निरोपाच्या शेवटी हिरालाल असं काही जोडायचा, जे अच्युतनं गादीवरून आलेलं ऐकलेलं नसायचं. "आनखी म्हनले, ताप उतरला काय." किंवा, "म्हनले, दुपारी जेवून घेत जाय म्हना, गिऱ्हाईक काही पयून नाई चाललं." अच्युत समजायचा, दादांनी हळू आवाजात सांगितलं असेल, किंवा सकाळी दुकान उघडताना सांगितलं असेल. त्या दिवशी त्याला काम करायला हुरूप यायचा. कुणाला कशानं हुरूप येईल ते सांगता येत नाही. चाळिशीला आलेल्या, दोन लेकरांच्या बापाला 'ताप उतरला काय' एवढ्या चौकशीनं तो यायचा.

सोमवारी अच्युत हिरालालला स्टेशनवर पोचवायला गेला होता. हिरालालच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, पुलगावला उतरून आर्वीच्या छोट्या गाडीत बसायचं होतं, आणि आर्वीला त्याची लेक मीराबाई घ्यायला येणार होती. दादा आले नव्हते. त्यांनी सुलोचनावहिनींच्या हाती एक धोतरजोडी आणि नवं कोरं घोंगडं पाठवलं होतं, आणि हिरालाल त्या नोव्हेंबरच्या उन्हात ते घोंगडं अंगावर घेऊनच बसला होता. गाडीला वेळ होता. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या आणि हवेत सरकीचा वास होता. अच्युतनं आयुष्यभर न विचारलेली गोष्ट विचारली. "हिरालाल, एक विचारू काय? ते ताप उतरला काय, जेवून घेत जाय, थंडी पडली तं मफलर घाल, ते सगळं दादा म्हनत होते काय?" हिरालाल रुळांकडे बघत राहिला. त्याला रूळ दिसत तरी होते की नाही कुणास ठाऊक. मग तो म्हणाला, "काही त्याहीचं, काही माझं." वळकटीची गाठ चाचपत पुन्हा म्हणाला, "आता मलेच याद नाई शेठ, कोनतं कोनाचं." गाडी आली. अच्युतनं त्याची वळकटी आत ठेवली, खिडकीतून त्याचा हात हातात घेतला, आणि तो हात सोडवेना. हिरालालनंच सोडवला, "जा, दुकानात एकले हायेत मोठे शेठ" असं म्हणून.

तेव्हापासून अच्युतच्या डोक्यात एकच उद्योग चालला होता. चौदा वर्षांची बोलणी तो एकेक करून उचलून बघत होता आणि दोन ढीग लावत होता, हे दादांचं, हे हिरालालचं. मफलर नक्की हिरालालचा, कारण दादा स्वतः कधी मफलर घालत नाहीत. 'गिऱ्हाईक पयून नाई चाललं' हे दादांचंच, तो खोचकपणा त्यांचाच. पण थोरल्या मुलीच्या वेळी बायकोचं, इंदिराचं, बाळंतपण अडलं होतं, तेव्हा हिरालाल दवाखान्यात धापा टाकत आला होता आणि म्हणाला होता, "मोठे शेठ म्हनले, पैशापान्याची फिकीर करू नोको, मी हावो." ते कोणाचं? अच्युत त्या 'मी हावो'वर किती तरी वर्षं उभा होता. ते हिरालालचं निघालं तर? तर आपण ज्या फळीवर उभे होतो ती फळी तिथं नव्हतीच, नुसता एक म्हातारा खालून हात लावून उभा होता, असं व्हायचं. त्याला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या आत, त्याचं त्यालाही नवल वाटावं इतकं, त्या म्हाताऱ्याबद्दल प्रेम दाटून आलं. आपल्यासाठी एवढी वर्षं कुणी माया तयार करत बसलं होतं, आपल्याला ती कमी पडू नये म्हणून. असं कोण कुणासाठी करतं? नोकरीत तर हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

आणि भिंतीचा निरोप मात्र दादांचाच होता. त्यात शंका नव्हती, कारण तो अच्युतनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मागच्या आठवड्यात हिरालालनं जायचं सांगितलं तेव्हा दादा म्हणाले होते, "हिरालाल, त्याले सांग, तू गेल्यावर कसं चालन? मधात भित घालून घेऊ. दोन दरवाजे करू. ज्याचं त्यानं पाह्यजो." हिरालाल लगेच उठला नव्हता. स्टुलावर तसाच बसून राहिला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. अखेर तो आला, आणि त्यानं पहिल्यांदाच निरोप जसाच्या तसा सांगितला, काही न जोडता, काही न गाळता. अच्युतला वाटलं होतं, नाही म्हणावं. भिंत कशाला, बाबांनी एवढ्या हौसेनं एक दार ठेवलं ते काय विटांनी बुजवायला? पण चौदा वर्षांत 'नाही' हा शब्द त्यानं कधी पाठवला नव्हता, आणि तो पाठवायची रीत त्याला सापडली नाही. "जशी दादाची मर्जी, म्हना," तो म्हणाला होता.

एक दार ठेवण्याचा हट्ट बाबांचा, नरहरशेठांचा. ते देवळीच्या बाजारात तट्टावर कापडाची गाठोडी लादून नेत असत तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा दारच नव्हतं. मग वर्ध्यात एक खोली झाली, मग ही इमारत, आणि तरी दुकान कापडाचंच होतं. बाकीचं सगळं आलं ते लोकांच्या विसरभोळेपणातून. सेवाग्रामला जायला देशभरातून पाहुणे उतरू लागले, आणि प्रत्येकजण घरी काहीतरी विसरून आलेला असे. कुणी मच्छरदाणी, कुणी तांब्या, कुणी कंगवा. टांग्यातून उतरून ते पहिल्या दिसेल त्या दुकानात शिरत, आणि पहिलं दुकान बाबांचं होतं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, 'उद्या' म्हणायचं, हा बाबांचा नेम. एका मद्रासी गृहस्थांनी कॉफी गाळायचं भांडं मागितलं. बाबांनी जन्मात कॉफी चाखली नव्हती, पण 'उद्या' म्हणाले, नागपूरला माणूस धाडला आणि भांडं आणवलं. तोवर गृहस्थ परत गेले. ते भांडं चार वर्षं फळीवर होतं आणि रोज पुसलं जात होतं, कारण बाबा म्हणायचे, कोणीतरी विसरून येईलच. अशानं उजवी बाजू भरत गेली. तिला नावसुद्धा नव्हतं. घरात तिला 'बाकी सगळं' म्हणायचे. नागपूरचं कॉलेज अर्धवट सोडून अच्युत परत आला तेव्हा बाबांनी त्याचा पाणउतारा केला नाही, काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उजव्या बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "केशव कापड पायतो. तू बाकी सगळं पाय." कॉलेज सोडून आलेल्या एकवीस वर्षांच्या पोराला कुणी बाकी सगळं देतं का? मुंबईहून आलेला एक पाहुणा म्हणाला होता, असं सगळं एका छपराखाली मिळणारं दुकान तिकडे साहेबांचं आहे, पण तिथं कुणी चहा विचारत नाही. बाबा ते वाक्य वर्षभर सांगत होते.

आणि मग बेचाळीसनंतरचा तो वैशाख. बाबा आजारी होते, पण उठून बसत होते. दादा खरेदीसाठी नागपूरला गेले होते. बाबांची तब्येत एकाएकी बिघडली, नागपूरला तार केली, दादा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. वर्ध्याचा वैशाख, वाट तरी किती बघणार? ऊन चढायच्या आत तयारी करायला हवी होती. अच्युतचं डोकं बधिर झालं होतं. तो एवढंच म्हणाला, "हिरालाल, कापड आन." हिरालाल गेला आणि मांजरपाट घेऊन आला. तो कुठून आणला हे अच्युतनं पाहिलं नाही, विचारलं नाही, त्याच्या मनातही आलं नाही. तिरडी बांधून झाली आणि त्याच वेळी दादा टांग्यातून उतरले. ते धावत आले, बाबांच्या पायांवर हात ठेवला, आणि त्यांची बोटं कापडावर थांबली. वीस वर्षं ताग्यांतून फिरलेली बोटं ती. त्यांना डोळ्यांआधी कळलं. "हे आपल्या दुकानातलं नाई," दादा म्हणाले. आल्याबरोबर त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. "चाळीस वर्षं बाप कापड इकत होता, अन् त्याच्या आंगावर परक्याच्या दुकानातलं?" खरं होतं. हिरालालच्या घरची समजूत अशी की मयताचं कापड आपल्या घरातून काढू नये, एक गेला की दुसरा जातो. म्हणून तो आपलं दुकान टाळून, समोरच्या आळीतल्या दुकानातून घेऊन आला होता, सिंगेवारांचं भलं व्हावं म्हणून. अच्युतला हे तेव्हा माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं की आपण रात्रभर एकटे होतो आणि दादा कापडाबद्दल बोलतायत. आणि तो पन्नास माणसांसमोर म्हणाला, "तुम्ही असते तं आपल्या दुकानातलं आनलं असतं. तुम्ही कुठं होते?"

तेव्हापासून बंद. हिरालालनं तेराव्यानंतर दादांसमोर जाऊन हात जोडले आणि कापड मी आणलं म्हणून सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "बरं." तोवर गोष्ट कापडाची राहिलीच नव्हती. अच्युतलाही ते ठाऊक होतं. बापाच्या तिरडीशी उभ्या असलेल्या माणसाला 'कुठं होते' असं विचारायचं नसतं. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा दादांचा चेहरा कसा झाला होता, हे त्याला पुढं कित्येकदा घड्याळांची काच पुसताना, रिबिनी मोजून देताना, मध्येच दिसायचं. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याला राहवलं नाही. दादा आत भटजींशी बोलत होते. अच्युतनं हिरालालला मागच्या अंगणात बोलावलं आणि म्हणाला, "दादाले सांग, माझं चुकलं. मी तसं बोलाले नोको होतं." हिरालालनं मान हलवली. "हा निरोप मी नाई नेत, शेठ," तो म्हणाला. "कंदिलाचे निरोप माझे. हा तुमचा तुम्ही न्या. चार पावलं तं हायेत." चार पावलं. अच्युत त्या दिवशी दोनदा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. दुसऱ्या वर्षी उंबरा लांब गेला, आणि तिसऱ्या वर्षी तो दिसेनासा झाला. माणूस कशालाही सरावतो.

दुपारी तो घरी जेवायला गेला. घर दुकानाच्या मागेच, चुली दोन, पण वाट्या सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. बायकांचं बोलणं एक दिवसही बंद पडलं नव्हतं, उलट नवऱ्यांच्या वाटचंही त्याच बोलत असाव्यात. ताटात सुलोचनावहिनींकडची वांग्याची भाजी होती. अच्युत घास हातात घेऊन बसला होता. इंदिरा म्हणाली, "तोंड का हिरालालनं संगं नेलं तुमचं?" तो हसला नाही. तिनं पोळी वाढली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी सांगत होत्या, भाऊजी दोन दिसांपासून जेवले नाई नीट. भितीचं तुम्हीच काही बोलत काऊन नाई?" अच्युत म्हणाला, "त्याहीले पाह्यजे भित." इंदिरा म्हणाली, "तुम्हाले कोनी सांगतलं त्याहीले पाह्यजे म्हनून?" त्यानं खरं उत्तर द्यायचं म्हटलं तर दादांनी स्वतः सांगितलं होतं. पण दादा स्वतः बोलले आणि दादांना हवं होतं, या दोन गोष्टी एकच असतात का, हे आता त्याला सांगता येईना. हिरालाल असता तर त्यानं शेवटी काहीतरी जोडलं असतं, आणि त्या जोडलेल्यावरून कळलं असतं. वहिनींची भाजी चांगली झाली होती. तो सगळी जेवला.

तीनच्या सुमाराला देवळीकडचं एक कुटुंब लग्नाच्या खरेदीला आलं. कौशल्याबाई नावाची एक ठसठशीत बाई, तिची लेक आणि गप्प बसणारे यजमान. त्यांनी सुतळीखालून वाकून ये-जा केली आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. दुकानात काय पसरायचं ते दुकानदाराला माहीत, असा त्यांचा चेहरा होता. गादीवर लुगडी उलगडली गेली, खण निघाले, पोरीनं एक गर्द जांभळा खण धरून ठेवला. आणि दादा, ताग्यावरून नजर न उचलता, चौदा वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "हिरालाल, त्याले सांग, या खनाले जुयत्या गुंड्या काढ म्हना." सुतळीपलीकडे बाजूला सारलेलं स्टूल रिकामं होतं. कौशल्याबाईनं मान वळवून मागे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग यजमानांकडे. अच्युतच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. कुणीतरी उठावं, चार पावलं चालावं आणि वाकून सांगावं, म्हणून आपण वाट बघतोय. मग त्यानं गुंड्यांचा खोका काढला, सुतळीखालून वाकला आणि गादीच्या कडेला ठेवला. त्यानं चपला काढल्या नव्हत्या, म्हणून तो गादीवर चढला नाही. दादांनी खोका ओढून घेतला, त्यांतल्या जांभळ्या गुंड्या निवडल्या, आणि म्हणाले, "हिरालाल, सांग, बरोबर हायेत." अच्युत परत काउंटरमागे येऊन म्हणाला, "बरं म्हना." यजमान पहिल्यांदाच बोलले. त्यांनी लेकीला विचारलं, "हिरालाल कोन?" लेकीनं तोंडाला पदर लावला.

ते गेले. दुकानात दोघेच उरले. पश्चिमेचं ऊन दारातून आत येऊन गादीच्या पांढऱ्या चादरीवर पडलं होतं. दादा उलगडलेली लुगडी एकेक करून घडी घालत होते. अच्युतला वाटलं, उद्या या वेळी हे ऊन अर्धंच दिसेल. तेवढ्यात दादा बोलले. या वेळी सवयीनं नव्हे. त्यांनी हातातलं लुगडं खाली ठेवलं होतं आणि ते सरळ स्टुलाकडे बघत होते, जणू त्यावर कुणी बसलेलंच आहे. "हिरालाल," ते म्हणाले, "त्याले सांग. बाबाच्या वर्षश्राद्धाले तू त्याचा निरोप आनला होता. माझं चुकलं म्हन्ते, म्हनून. त्याचा जवाब द्याचा राहून गेला."

अच्युतचे हात काउंटरच्या काचेवर होते. काच गार होती. नेत नाही म्हणालेला हिरालाल तो निरोप घेऊन गेला होता. त्याच दिवशी गेला होता. आणि जवाब आला नाही म्हणून परत येऊन काही बोलला नव्हता, तेरा वर्षं बोलला नव्हता. त्याऐवजी ताप उतरला का आणि जेवून घेत जा हे आणून देत राहिला होता. न आलेल्या एका जवाबाच्या जागी त्यानं किती लहानलहान जवाब आणून ठेवले. आर्वीला लेकीच्या ओसरीवर नवं घोंगडं पांघरून बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पायांवर आत्ता डोकं ठेवावं असं अच्युतला वाटलं.

पण दादा थांबले होते. ते स्टुलाकडेच बघत होते, आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. आता उठून चार पावलं चालणारं कुणी नव्हतं. अच्युत काउंटर वळून बाहेर आला. सुतळीपाशी येऊन तो म्हणाला, "दादा, तो निरोप माझाच होता."

दादांनी मान वळवली. चौदा वर्षांत अच्युतनं त्यांचा चेहरा समोरून पाहिला नव्हता असं नाही, पण आपल्याकडे बघणारा पाहिला नव्हता. ते म्हातारे दिसत होते. "तार मले पोचली होती," ते म्हणाले. "त्याच दिवशी पोचली. मी संध्याकायच्या गाडीनं येऊ शकत होतो. नाई आलो. बाबा जाताना पाह्याची मले हिंमत नाई झाली. धरमशाळेत बसून राह्यलो मी रातभर." त्यांनी चादरीची सुरकुती सपाट केली. "तू विचारलं कुठं होते. खरं विचारलं तू. त्याच्यावर मी कापडाचं बोलून राह्यलो. मंग तुझा निरोप आला, माझं चुकलं म्हनून. आता ज्याचं चुकलंच नाई, त्याले मी काय जवाब देऊ?"

बाहेरून कापसाची एक बंडी गेली.

"भितीचं मी म्हनलं," दादा म्हणाले, "मले वाटलं तू नाई म्हनशीन. तू मर्जी म्हनला."

"मले वाटलं तुम्हाले पाह्यजे."

दादांनी पुन्हा लुगडं हातात घेतलं. घडी चुकली, त्यांनी ती उलगडली आणि परत घालायला लागले. "रूपराव घरी असन आता," ते म्हणाले. "पहाटेच निंगन तो इटा घेऊन. नोको येऊ म्हनून त्याले कोन सांगन?"

अच्युतनं खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"मी जातो," तो म्हणाला. "तुम्ही तवरीक बाकी सगळं पाहा."